मोटारीच्या दारापाशी शेगडी

आमच्या यांनी पंधरा वर्षं पलटणीत गाडी चालवली. पेन्शनीवर आल्यावर सांगलीजवळच्या एका बागायतदारांकडे ड्रायव्हर म्हणून लागले, तेही तात्पुरते. मालकांच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात होतं. वरातीत काळी मोटार आरशासारखी दिसली तर नोकरी कायम करू, असं मालक बोलून गेले होते. नाहीतर आम्हाला परत आमच्या गावचा, मेढ्याचा डोंगर होताच.

लग्नादिवशी हे पहाटेच मोटारीला भिडले. नदीकाठची थंडी, पत्रा गारढोण, वर दव. डब्यातलं पॉलिश घट्ट झालेलं. लावलं की पांढरं धरायचं आणि पुसायला जावं तर जागचं हलायचं नाही. पलटणीत बुटांवर तोंडाची वाफ सोडून चमक आणायची सवय, तीच इथंही चालवली. वाफेनं पत्रा आणखीच ओला झाला. बूट वेगळे आणि मोटार वेगळी, हे सुभेदारी थाटाच्या माणसाला सांगणार कोण? दार पांढरंफटक आणि यांची बोटं वाकडी झालेली. मला बघवेना.

हे कोरडं फडकं आणायला आत गेले आणि मी माझं शहाणपण चालवलं. आमच्याकडे थंडीत खोबरेल थिजलं की बाटली शेगडीजवळ ठेवतात. पॉलिश म्हणजे तरी काय, थिजलेलं तेलच की. मी निखाऱ्यांची शेगडी मोटारीच्या दारापाशी ठेवली. पांढरेपणा खरंच विरघळायला लागला. हावरटासारखी मी ती आणखी पुढं सरकवली. बघता बघता रंगाला फोड आले, पापड भाजताना येतात तसे. मी शेगडी ओढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मालक आले तेव्हा मी गोठ्याच्या दाराआड उभी होते.

"शेगडी कुणी ठिवली?"

"म्या ठिवली जी," हे म्हणाले.

थोरामोठ्यांपुढे बाईनं बोलायची रीत नव्हती. पण खरं सांगते, रीत असती तरी मी तोंड उघडलं नसतं. मी भ्याले होते.

मालक रागावले नाहीत. त्यांनी फोडांवर झेंडूच्या माळा सोडायला लावल्या आणि किल्ली पुतण्याच्या हातात दिली. वरात निघाली. हे इस्त्रीच्या कपड्यांत फाटकाशी ताठ उभे राहिले, मोटार वळेपर्यंत.

बोचकं बांधताना मी विचारलं, "आवं, माजं नाव का न्हाई सांगितलं?"

"तुजं नाव सांगून रंग परत बसणार हुता व्हय?"

एवढंच बोलले. मग त्या पॉलिशच्या डब्याचं झाकण घट्ट लावून तो मालकांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. मरेपर्यंत एकही दिली नाही, आणि ती मागायची कशी हे मला कधी कळलं नाही.