उलटी लावलेली यादी

पेणच्या सुलभाताई. आधी त्यांचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. झालेलं सांगायला लागले की रडू येतं आणि नाव राहून जातं. पेणला ॲडमिशनचे कागद तपासायचं सेंटर असतं, त्याला सगळे एफसी म्हणतात. तिथल्या एका टेबलावर त्या बसतात. आमची अजून भेट झालेली नाही.

रोह्याजवळचं गाव सोडलं तेव्हा माझी मुलगी ऋतुजा पाचवीत होती. ह्यांचं नागोठण्यातलं ठेक्याचं काम संपलं, ठेकेदार जामनगरकडे घेऊन आला, आणि मला मेसमध्ये पोळ्या लाटायला घेतलं. रोह्याच्या एसटी स्टँडवर पोर सासूबाईंना चिकटून उभी होती. गाडीत चढताना मी एवढंच म्हणाले, "सांगितलेलं ऐकायचं गो. उलट बोलायचं नाय." ती ऐकत आली. तेच नडलं.

इथे मी सगळ्यांची बेन. रोटली, शाक, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, निम्मी भाषा आता इथलीच झाली. शाळा मी सातवीत सोडलेली. बारावीनंतर पोरीच्या तोंडी सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड असले शब्द यायला लागले, ते मी मेसच्या मेनूमागे लिहून ठेवायचे. अर्थ विचारायची लाज वाटायची. एनसीएलसाठी सासूबाईंनी तहसीलला तीन खेपा घातल्या. तो म्हणे आमचं उत्पन्न जास्त नाही हे सरकारने लिहून द्यायचा दाखला. सासूबाई म्हणाल्या, "घर बघून कळत नाय काय त्यांना?" तेव्हा हसलो होतो आम्ही.

मग आला ऑप्शन फॉर्म. इंजिनियरिंगची हवी ती कॉलेजं एकाखाली एक लिहायची. ऋतुजाने सगळ्यात वर पुण्याचं सरकारी कॉलेज लिहिलं होतं, कॉम्प्युटरचं. सगळ्यात खाली घरापासून तासाभरावरचं खासगी, दुसऱ्याच ब्रँचचं. दुपारी मी मेसची भांडी विसळत होते, तेव्हा तिने मला फोनवर यादी वाचून दाखवली.

आमच्यात मागायची एक रीत आहे. लावणीला माणूस हवं असलं तर आधी शेजारी विचारायचं, मोठ्या घरी शेवटी. आधीच मोठं मागितलं तर माणसं हावरट म्हणतात, मिळणारं असतं तेही हातचं जातं. माझी आई म्हणायची, "हाताला लागतंय तं आधी धर." मी ऋतुजाला यादी उलटी करायला लावली. खासगी वर, पुणं तळाला. ती चाचरत म्हणाली, तसं नसतं बहुतेक. मी म्हटलं, चार पावसाळे जास्त बघितलेत मी. तिने उलटी केली.

पहिल्याच राउंडला पहिलं कॉलेज मिळालं. मी मेसमध्ये पेढे वाटले. दोन दिवसांनी कळलं, खांब गावच्या तिच्या मैत्रिणीला, हिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइल असून, पुण्याचं तेच कॉलेज मिळालं. मीच ऋतुजाला फोनवर म्हणाले, सोड ही सीट, दुसऱ्या राउंडला बघू.

सीट कशी सोडायची विचारायला ती पेणला गेली. तिथून सुलभाताईंनी तिच्याच फोनवरून मला फोन लावला.

"वैनी, पहिल्या नंबरचं मिळालं म्हंजे ऑटो फ्रीझ. यादी तिथंच थांबते, खालचं कोण बघत नाय. आता ही सोडलीत तर पुढल्या राउंडातून पोर बाहेर. कॉलेजात जाऊन नाव घालायचा आज शेवटचा दिवस हाय."

मी विचारलं, पुण्यासाठी काहीच करता येणार नाही का?

"नाय," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू."

ऋतुजाचे मूळ कागद घरी होते. सुलभाताईंनी अर्धी रजा टाकली, तिला स्कूटीवर घेऊन नागोठण्यावरून आमच्या गावात आल्या, कागद घेतले आणि खिडकी बंद व्हायच्या आत कॉलेजात पोचवलं. कोण कुठली पोर, कसलं नातं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकेक शब्द उलगडून सांगितला. यादीत मनातलं सगळ्यात वर लिहायचं, ते नाही जमलं तरच खालचं बघतात. मोठं मागितलं म्हणून कोणी रागवत नाही. इतकी साधी गोष्ट. मेनूमागच्या शब्दांपुढे मी सगळे अर्थ लिहिले. काही उपयोग नव्हता.

ऋतुजा त्या कॉलेजात जाते. तिला नको असलेली ब्रँच शिकते. माझ्यावर ती एकदाही चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. फोनवर तेवढंच, जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांनो, गावी असणाऱ्यांनो, घर म्हणजे काय हे मला आता एवढंच कळतं: जिथे माझ्या शब्दाला अजून मान आहे, आणि तो मी कशावर खर्च केला हे मला ठाऊक आहे, ती जागा. तिथे परत जायची मला भीती वाटते.

तरी येईन. सुलभाताई, यंदा सुट्टी नाही. पण एका वर्षी फॉर्मांच्या दिवसांत येईन, तुमच्या टेबलाशेजारी बसेन, आणि माझ्यासारखी कमी शिकलेली आई आली की माझं काय चुकलं ते तिला माझ्या तोंडाने सांगेन. लाज न धरता. एका पोरीची यादी जरी सुलट राहिली, तरी तुमचं थोडं फेडलं असं मी समजेन.