दाजींची जांबोटीची शिष्या

कुठल्यातरी अनोळखी माणसाचा संगणक सुरू होताक्षणी बंद पडला, म्हणून ज्याच्या चेहऱ्यावर लग्नघरचं तेज चढतं असा मनुष्य अख्ख्या बेळगावात एकच. आमचे दाजी. आक्काचे यजमान, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम खासबाग. संगणकाचा सगळा कारभार ज्या गाभ्यातून चालतो तो कर्नल. तो स्वतःच्या हातानं लिहायला निघालेल्या नवशिक्यांचा मोबाइलवर एक गट आहे आणि दाजी त्या गटाचे बिनपगारी वैद्य. सरळ उत्तर मात्र ते कुणालाच देत नाहीत. आधी वहीत तीन ओळी लिहून फोटो पाठवायचा: काय करायला गेलो, काय होईल वाटलं, काय झालं. नुसतं 'चालत नाही' लिहिणाऱ्याला जवाब ठरलेला, "आजारी कोण हाय ते तरी सांग. तू का मशीन?"

घरातही तोच कायदा. जेवताना दाराची बेल वाजली, की उठण्याआधी ते मोठ्यानं सांगणार, "वांग्यावर थांबलोय, भात ऱ्हायलाय." कर्नलला मधेच कुणी हाक मारली, तर तोही आपली जागा अशीच टिपून ठेवतो म्हणे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा नियम. आक्कानं एकदा आमटीत मीठ आणि तिखट दोन्ही वाढवलं, तर हे वाटी समोर धरून बसले. "आता बिघाड कुणाच्या नावावर टाकायचा?"

"माझ्या टाका आणि गप जेवा," आक्का म्हणाली.

आता दोन वर्षं पोटात ठेवलेलं तुम्हालाही सांगून टाकतो. मी कॉलेजात संगणक शिकवतो. एकदा याच ताटावर मी फुशारकीनं बोलून गेलो, "कर्नल व्हय? लई सोपं वो दाजी, पोरांना शिकवतो की!" शिकवत होतो ते पुस्तकातून. स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. पन्नाशीजवळ आल्यावर लिहायची हौस आली, पण दाजींना विचारायचं कुठल्या तोंडानं? मग नवं सिम घेतलं आणि दाजींच्या गटात जांबोटीची एक विद्यार्थिनी झालो. जांबोटी पडलं डोंगरातलं गाव, तिथं कोण बघायला जातंय, हा हिशेब. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वही डाव्या हातानं लिहिली.

माझ्या कर्नलमध्ये किल्ली दाबली की एक अक्षर उमटायचं आणि कीबोर्ड कायमचा मुका. दाजींनी आठ दिवस झुलवलं, मग विचारलं, 'किल्लीची वर्दी तू घेतलीस. मिळाली म्हणून उलट कळवलंस काय, बाळ?' कळवलं नव्हतं. कळवल्याशिवाय पुढची वर्दी येतच नाही. तेवढी एक ओळ घातली आणि दुसरं अक्षर उमटलं! मी खुर्चीतून उडालो. बायकोला सांगितलं, डास चावला.

त्यानंतर दाजी दर रविवारी मलाच ऐकवायचे, "पावणं, पोरीचं अक्षर वाकडं, पण डोकं सरळ. तुमच्या कॉलेजात हाय काय अशी एक तरी?" मी मान खाली घालून भात कालवायचो.

पुढं त्या पोरीनं, म्हणजे मी, लिहिलं की तिचा संगणक फार जुना आहे. झालं! तिला द्यायला दाजी स्वतःचा लॅपटॉप प्लास्टिकात गुंडाळून, कुणाला न सांगता जांबोटीला गेले. घरोघरी विचारत फिरले, परतीची गाडी चुकली, पावसात कोसभर चालले आणि ताप घेऊन घरी आले. मी भेटायला गेलो, तर अंथरुणातून म्हणाले, "गावात कुणाला ठावंच न्हाय वो ती. शिकू नको म्हणून घरच्यांनी कोंडली तर न्हवं? बुधवारी परत जातो."

तापातला माणूस पुन्हा त्या डोंगरात निघाला होता. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "दाजी, ती पोरगी मीच."

स्वयंपाकघरात आक्काच्या हातातली पळी पडली. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

"म्हंजे पोरगी न्हायच?"

"न्हाय."

"आणि ते दुसरं अक्षर?"

"ते खरंच उमटलं, दाजी."

"मग बरं झालं," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आता मी माझ्या नावानं विचारतो, उजव्या हातानं तीन ओळी लिहून. उत्तरंही येतात. मागल्या आठवड्यात मात्र खाली एक ओळ जास्तीची होती: 'बरोबर हाय, पावणं. पण तिच्याइतकं मन लावून लिहीत न्हाईसा.' लॅपटॉप अजून प्लास्टिकातच आहे, त्यांच्या कपाटावर. आक्का धूळ पुसते, पण खाली काढत नाही.

काल मी वही उघडली आणि पेन डाव्या हातात घेतलं.