चौथ्या प्रकरणातला आडवा तक्ता

पहाटे साडेचारला आत्याचा दिवस सुरू व्हायचा. भाच्याच्या घरात स्वयंपाकघराला लागून बोळ होता, तिथे ती झोपायची. कुणी पाणी प्यायला उठलं की तिचे पाय ओलांडून जायचं. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची, भांडी घासायची आणि साडेसातला भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर करायची. गिऱ्हाइकंसुद्धा तिला आत्याच म्हणत.

दुकानात तिचं काम एकच. लोकांनी बिघडवलेल्या फायली सरळ करायच्या. शब्द पुढे ढकलायला लोक स्पेस दाबत सुटतात, पुढच्या पानावर जायला एंटर. घरी दिसतं छान, छापायला घेतलं की सगळं ढासळतं. आत्या आधी स्पेस-एंटरच्या लपलेल्या खुणा पडद्यावर उघड्या करायची आणि एकेक खूण तपासत शेवटपर्यंत उतरायची. ठिगळ लावून मोकळं होणं तिला पटत नसे. तिच्या हातची फाईल कुठल्याही मशीनवर छापा, ओळ जागची हलत नसे.

त्या महिन्यात तिला स्वतःची खोली मिळणार होती. दुसरा मजला, एक खिडकी, एक नळ. पगार हातात पडला की अनामत पुरी होत होती. एक तारखेपर्यंत थांबते, पुढे नाही, असं घरमालकिणीने बजावलं होतं.

वीस तारखेला एक संशोधक प्रबंध घेऊन आला. तीनशे बारा पानं. दर प्रकरणाला पानांचे आकडे पुन्हा एकपासून, आणि चौथ्या प्रकरणातल्या आडव्या तक्त्यामागे एक कोरं पान. आधीच्या तीन दुकानांनी हात टेकले होते. आत्याने अडीच दिवस मान वर केली नाही. तक्त्याखालची रिकामी ओळ पुसता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने त्या ओळीतल्या अक्षराचा आकार एकवर आणला आणि कोरं पान गेलं. तिथली, छापताना न उमटणारी ठिपक्यांची दुहेरी रेघ मात्र तिने मुद्दाम ठेवली. त्या रेघेमुळेच तेवढं एक पान आडवं राहत होतं.

ती जेवायला गेली तेवढ्यात भाच्याने फाईल उघडली. रेघ दिसली, कचरा वाटला, पुसून टाकली. पान उभं झालं, तक्त्याचे शेवटचे दोन रकाने कागदाबाहेर गेले. त्याने न बघता सात प्रती छापल्या आणि बांधायला धाडल्या.

चार दिवसांनी संशोधकाने त्या सातही प्रती टेबलावर आपटल्या. विद्यापीठाने परत केल्या होत्या. दुकान भरलेलं होतं.

"आमच्या आत्याचं वय झालंय हो," भाचा हसत म्हणाला. "तिला आता दिसतं कुठं?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. आत्याने जेवायला जाण्याआधी पेनड्राइव्हवर ठेवलेली आपली प्रत उघडली. तक्ता अख्खा होता. तिने मॉनिटर भाच्याकडे वळवला. त्याने पाहिलं, मॉनिटर परत फिरवला आणि तिच्या कानाशी वाकला.

"बोळात झोपतेस ना, आत्या? मग तोंड मिटून झोप."

पगाराला तीन दिवस होते. आज बाहेर काढलं तर पगारही बुडाला, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता. चूक नक्की कुणाची, असं संशोधकाने विचारलं.

"माझी," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिच्या फाईलवरून सात प्रती पुन्हा छापल्या. तीन दिवसांनी, दुकान बंद करायच्या वेळी, ती गल्ल्यापाशी पगारासाठी उभी राहिली. भाचा नोटा मोजत होता, त्याने मान वर केली नाही.

"चार लोकांत तूच कबूल केलंस ना? मग भरपाई मी करू?"

एक तारखेला खोली दुसऱ्या कुणाला गेली. आत्याच्या महिनाभराच्या पगारातून सात प्रतींचा कागद, शाई आणि काळ्या रेक्झिनची बांधणी झाली. संशोधकाची समजूत घालायला भाच्याने वर सोनेरी अक्षरंही काढून दिली. तीही त्याच पैशांतून.