पर्चीवर मिळणाऱ्या सिगारेटी

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा आली नाही. पण नोकरीतली मोठमोठी प्रकरणं मी विसरलो आणि हे विसरलो नाही.

मी तेव्हा भोपाळमध्ये इंद्रपुरीजवळच्या ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत सरकारी कारखान्याची टाउनशिप यायची. टाउनशिपमधला गुन्हेगार पकडणं सोपं, कारण तिथं कोणाकडे पाहुणा आला हे तिसऱ्या क्वार्टरला आधी कळतं. एके सकाळी कारखान्याच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई ड्यूटीवरून थेट माझ्यासमोर येऊन बसल्या. मूळच्या नागपूरच्या. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कंपासपेटीत त्यांना तीन सिगारेटी सापडल्या होत्या.

"साहेब, त्याला लहानपणापासून दमा आहे. गेल्या आठवड्यात दोनदा ऑक्सिजन लावला. अन् ह्या सिगारेटी शाळेसमोरच्या दुकानातून मिळतात. अठराच्या आत विकायच्या नाहीत असा बोर्डही लावलाय मेल्यानं."

माझं डोकं भडकलं. बोर्ड लावून विकणाऱ्याची मला जास्तच चीड. शिवाय बालकाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, असा कायदा नुकताच आला होता. एकावर तरी तो लावून दाखवायचाच, असं मी मनाशी ठरवलं.

दोन दिवस साध्या कपड्यातला शिपाई दुकानापाशी बसवला. शाळा सुटली की मुलं यायची, कागद पुढे करायची आणि पाकीट घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराला उचललं. तो गडबडला नाही. बिस्किटाचा एक डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साब, बच्चों को हम नहीं देते. बड़ों की पर्ची हो, तभी देते हैं. देख लो, सब संभाल के रखी हैं."

डब्यात पर्च्याच पर्च्या. प्रत्येकीवर अनुक्रमांक, तारीख, वस्तूचं नाव, नग आणि खाली सही. सही एकाच माणसाची.

"हे रोज एवढ्या ओढतात?" मी विचारलं.

"चाचा बहुत पीते हैं साब. हमने तो समझाया भी था."

ठाण्याची लिखापढी पाहणाऱ्या आमच्या मुन्शीजींचे वडील त्याच कारखान्यात होते. पर्ची हातात धरताच ते म्हणाले, "साब, ये स्टोर वाला आदमी है. हत्यार निकालने की पर्ची ऐसी ही बनती थी." हत्यार म्हणजे कारखान्यातली अवजारं. पुढचं काम तासाभराचं होतं. सहीवरून माणूस सापडला. कारखान्याच्या टूल स्टोअरमधून निवृत्त झालेले, आपले विदर्भातलेच एक गृहस्थ. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून टाउनशिपच्या गेटबाहेर, इंद्रपुरीत दोन खोल्यांच्या घरात राहत होते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन बंगळूरला.

मी झडतीला गेलो. घर लखलखीत. राखेचा कण नाही, वास नाही. दारासमोरच्या ओट्यावर एक बाक, त्यावर स्टीलचा जग आणि सहा पेले. एकट्या माणसाला सहा पेले कशाला, असं वाटलं, पण विचारलं नाही. त्यांना ठाण्यात आणलं.

"सिगारेटी कोणासाठी मागवता?"

"माझ्यासाठीच, साहेब."

माणूस खोटं बोलतो तेव्हा दम देण्याआधी त्याला काहीतरी करायला सांगावं, ही माझी सवय. मी जप्तीतलं पाकीट पुढे सरकवलं. "ओढा मग एक."

त्यांनी सिगारेट उचलली, ओठात धरली आणि फिल्टरचं टोक पेटवलं. खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. मुन्शीजींनी तोंड फिरवलं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

मग ते आपणहून बोलले. "एकदा एक पोरगा पाणी मागायला आला. म्हणे, अंकल, दुकानवाला बड़ों की पर्ची मांगता है, लिख दो ना. दिली लिहून. दुसऱ्या दिवशी चौघं आले. पर्ची होईपर्यंत बाकावर बसायचे, मास्तरांच्या नकला करायचे. मी मुद्दाम हळू लिहायचो, साहेब. नुसतं बसा म्हटलं असतं तर कोण बसलं असतं माझ्याजवळ?"

"आणि कायदा?"

"स्टोअरला अप्रेंटिस पोरं यायची. त्यांना हत्यार द्यायची मनाई. पण वरच्याची सही असली की मी देत असे. तीस वर्षं दिली. सही आली की जबाबदारी सही करणाऱ्याची. मला वाटलं, माझी सही आहे म्हणजे नियमात बसतं."

ते हे अगदी सरळपणे म्हणाले.

नर्सबाईंना मी बोलावून घेतलं होतं; त्या शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकत होत्या. त्या आत आल्या. "काका, तुमचा वेळ जात होता, अन् माझ्या पोराचा श्वास जात होता." म्हातारा मान खाली घालून बसला. बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ह्यांना जेलमध्ये नका टाकू. पण ह्यांच्या ओट्यावर पोरं दिसली नाही पाहिजेत मला."

दुकानदारावर कारवाई केली, दुकान शाळेसमोरून हटवलं. म्हाताऱ्यावरही गुन्हा नोंदवायला हवा होता. मी नोंदवला नाही. हे चूक की बरोबर ते वाचकांनी ठरवावं. नुसतं सोडायचं कसं, म्हणून दरडावून सांगितलं, "महिनाभर दर सोमवारी ठाण्यात येऊन सही करायची." याला कायद्याचा काही आधार नव्हता, ती माझी समज द्यायची पद्धत. पोरांना आईबापांनी त्या गल्लीतून जायलाच मनाई केली.

ते सोमवारी बरोबर अकराला यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. महिना संपला तरी येत राहिले. मुन्शीजींनी विचारलं, "साब, बता दूं कि अब ज़रूरत नहीं?" मी म्हटलं, राहू द्या. मला वाटलं, मी फार मोठी दया करतोय. ते आले की मी केबिनमधून मान हलवायचो आणि फायलीत डोकं घालायचो.

सात-आठ महिन्यांनी माझी बदली झाली. नव्या साहेबांनी चौकशी केली, कागदावर काहीच नाही हे पाहिलं आणि त्यांना सांगितलं, बाबा, तुम्ही मोकळे आहात, यायची गरज नाही. त्यांचंही काही चुकलं नाही. मुन्शीजींचा मला फोन आला. "साब, चाचा पूछ रहे थे, मुझसे कोई गलती हो गई क्या?" मी म्हटलं, बघतो, एखाद्या रविवारी जाऊन येतो.

आज मी भोपाळमध्येच, मिसरोदला राहतो, निवृत्त आहे, रविवारच रविवार आहेत. त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच की माणसाला सोडून दिलं म्हणजे त्याचं भलं केलं, असं नसतं. ते गृहस्थ वारले आणि मला ते वर्षभरानं कळलं. त्यांच्या घरात मी एकदाच पाऊल ठेवलं, आणि तेही झडती घ्यायला.