दोन मेंबरांचा परवाना

माणसांपेक्षा मी अर्जांशी जास्त भांडतो. त्या वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात मी एक माऊस भिंतीवर फोडला आणि लाथ घालून बायकोच्या आवडीच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला. दोन्ही वेळा समोर एकाच डोंगराचा अर्ज उघडा होता. स्पितीच्या पलीकडे, हद्दीजवळ, सहा हजार मीटरच्या वरचा डोंगर. शेवटच्या गावातून तीन दिवस चाललं की त्याचा पायथा येतो.

असले परवाने एजन्सीवाले काढून देतात. मला एजन्सी नको होती. न्हावा शेवा बंदरात कस्टममधून कंटेनर सोडवण्याच्या कामात माझी पंधरा वर्षं गेलीत. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे मला वासावरून कळतं, अशी माझी घमेंड होती. दोन माणसं डोंगरावर न्यायला मी कुणाच्या तोंडाकडे कशाला बघू?

दुसरा माणूस म्हणजे माझा मेव्हणा. खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी, बोटीवर वाढलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. सह्याद्रीतले कडे आणि हिमालयातले दोन लहान डोंगर आम्ही एका दोराने चढलो होतो. मी घाटावरचा जावई, म्हणून चारचौघांत तो मला घाटी म्हणायचा. दोर बांधला की मात्र दाजी.

दिल्लीला एक अर्ज, जिल्ह्याला दुसरा, हद्दीजवळची वाट म्हणून तिसरा. शेवटच्या गावातला गाईड मी फोन करकरून शोधला. तिथं रेंज फक्त एका वळणावर येते. तो वळणावर असला तरच बोलणं, आणि मध्येच फोन तुटला की मी उलव्याच्या आमच्या घराच्या गॅलरीत उभा राहून शिव्या द्यायचो. शेजारच्यांनी सोसायटीत तक्रार केली. मी त्यांनाही दिल्या.

सगळं जमलं आणि मेडिकलवर अडलं. दोघांचे ईसीजी, ब्लड प्रेशर, डॉक्टरचा सही-शिक्का. माझं मी करून घेतलं. मेव्हणा काही हाती लागेना. फोन केला तर म्हणाला, "दाजी, रोज जाली वढतंय मी. मना कसला डाक्टर? तूच लिव ना काय ते."

आता हे समजण्यासाठी आमचा धंदा समजायला हवा. जहाज अजून समुद्रात असतं तेव्हाच आम्ही त्यातल्या मालाचे कागद भरून टाकतो. माल कुणी पाहिलेला नसतो. माल मागवणारी पार्टी सांगते, आम्ही भरतो. माल उतरल्यावर काही वेगळं निघालं तर दुरुस्तीचा अर्ज. कागद आधी, माल मागून, हे अंगात इतकं भिनलेलं की माणसाच्या बाबतीतही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑफिसखालच्या ओळखीच्या डॉक्टरकडून कोऱ्या फॉर्मवर सही-शिक्का आणला आणि मेव्हण्याचं सगळं मी माझ्या हाताने भरलं. ईसीजी नॉर्मल. प्रेशर नॉर्मल. निघायच्या आधी करू की खरी तपासणी, पळून जातेय का ती!

तीन आठवड्यांत परवाना आला. मेंबर दोन. मी गल्लीतल्या कुत्र्यांनाही पेढे चारले असते.

गाईड मात्र परवान्यावर भाळणारा नव्हता. त्याने सांगितलं, "साब, कागज मैंने देख लिया. अब बीस किलो पीठ पे लेके चढो, फिर मुझे बताओ कौन कितनी बार रुका." म्हणून मेच्या एका सकाळी सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून आम्ही खारघरची टेकडी चढायला लागलो.

अर्ध्या तासात तो तीनदा थांबला. मी मोजत होतो आणि तापत होतो. चौथ्यांदा तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, थांब जरा. छातीन दाबतंय."

"नाटकं बंद कर," मी म्हणालो. "रात्री किती ढोसलीस?"

"नाय रे. थांब ना."

मी त्याच्या सॅकचा पट्टा धरून त्याला वर ओढला. चार महिने मी टेबलाटेबलांवर डोकं आपटलं आणि हा बसायला बघतोय, एवढंच माझ्या मनात होतं. त्याने हात झटकला. मी पुन्हा ओढला आणि त्याच्या आईवरून शिवी दिली. त्याचा ठोसा तोंडावर कधी बसला ते कळलंच नाही, ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मी त्याच्या नडगीवर बूट मारला. मग पाठीवर वीस-वीस किलो घेऊन आम्ही दोन बाप्ये त्या खडकावर लोळलो, एकमेकांचे गळे धरून. ढोपरं सोलली, कॅन फुटले. तो माझ्याखालून सुटला, उभा राहिला, दोन पावलं चालला आणि तोंडावर पडला. पडताना त्याने हात पुढे टाकले नाहीत.

मी त्याच्या सॅकवर लाथ मारली आणि म्हणालो, ऊठ. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फिरायला आलेल्या दोघांनी आणि मी त्याला खाली आणलं. हॉस्पिटलात बायको धावत आली तेव्हा त्याच्या छातीला वायरी लागल्या होत्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. ईसीजीत बदल आहेत, ते जुने असतील तर एक उपचार, ताजे असतील तर दुसरा. आधीचा एखादा ईसीजी आहे का?

"हाय ना!" बायको म्हणाली. भाऊ इतक्या मोठ्या डोंगरावर जाणार म्हणून तिने माझ्या फाईलचे सगळे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवले होते. तिने स्क्रीन पुढे केली. "म्हैन्यापूर्वीच काढलाय. येकदम नॉर्मल हाय."

डॉक्टर बाईंनी वाचलं. "म्हणजे हा ताजा झटका. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल." त्या वळल्या आणि त्यांनी नर्सला हाक मारली.

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात आधी परवाना आला. खोटं कबूल केलं तर परवाना गेला, मग तो ओळखीचा डॉक्टर, मग माझी नोकरी. मेव्हणा त्यानंतर आला. नर्सने सुई भरायला घेतली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तो कागद खोटा आहे. तपासणी झालीच नाही. मी भरलाय तो."

बायकोने आधी विचारलं, "कोनी भरला?" मी परत सांगितलं. तिने पायातली चप्पल काढली आणि मला मारायला सुरुवात केली, तोंडावर, फाटलेल्या ओठावर, कानावर. मी हात वर केले नाहीत. वॉचमन तिला धरायला आला तर तिने त्यालाही एक लगावली. डॉक्टर बाई मध्ये घुसून ओरडल्या, "त्यांना नंतर मारा! आधी मला सांगा. पेशंटला यापूर्वी कधी धाप? कधी चक्कर?"

हे बायकोलाच माहीत होतं. मारता मारता तिने सांगितलं. बोटीवर दोनदा चक्कर आली होती, आईने दृष्ट काढली होती. बाईंनी सुई थांबवली आणि आधी हृदयाची सोनोग्राफी केली. झटका नव्हताच. हृदयाची भिंत जन्मापासून जाड होती. आम्ही कडे चढलो तेव्हाही ती तशीच होती. टेकडीवरच्या झटापटीत त्याच्या डोक्यालाही मार लागला होता. ते इंजेक्शन गेलं असतं तर रक्तस्राव कुठे थांबला असता, हे सांगायच्या फंदात बाई पडल्या नाहीत.

तो वाचला. छातीत यंत्र बसवलं. जड ओढायचं नाही, म्हणजे जाळं नाही, डोंगर नाही. गाईडला मी येत नसल्याचं कळवलं. दिल्लीलाही खरं काय ते लिहिलं, त्या अर्जात मात्र एक शब्दही खोटा नव्हता.

महिन्याने बायको मला दिवाळ्याला घेऊन गेली. मेव्हणा अंगणात खाटेवर बसला होता, खाडीकडे तोंड करून. मी समोर उभा राहिलो. माफीचे शब्द गाडीत जुळवले होते, ते बोलायला तोंड उघडलं.

तो उठला आणि त्याने मला तोंडावर ठोसा मारला. सासू दारातून म्हणाली, "आजून मार त्याला."

मी तोंड पुढेच धरून ठेवलं. ठोसा बसला होता, पण माझी मान वळलीही नव्हती. त्याने पुन्हा मूठ वळली, खांद्यापर्यंत आणली, आणि मग धाप लागून खाटेवर बसला.