पत्रा कुठून तोडला?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, बायको म्हणते आता सोडा तो विषय. पण चौकात एखाद्या गाण्याच्या कार्यक्रमाचा भला मोठा फलक दिसला, त्यावर 'शेवटची काही तिकिटे' असं वाचलं, की ते मैदान डोळ्यांपुढे उभं राहतं. नावं कुणाचीच घेणार नाही. खटला अजून चालू आहे.

मैदान कसलं, भिवंडीजवळ अंजूरच्या बाजूला खाडीलगतची शेतजमीन. गोदामासाठी भराव टाकून सपाट केलेली. गोदाम उभं राहायच्या आधी मालकाने ती एका कार्यक्रम कंपनीला भाड्याने दिली. चारही बाजूंनी पत्र्याचं कुंपण आणि रस्त्याकडे एकच फाटक. मुख्य गायक येईपर्यंत लोकांना रमवायला डोंगरातल्या पाड्यावरून एक तारपा नाचाचं पथक आणलं होतं. दिवेलागणीला वीज गेली आणि जनरेटर चालू होईना. धावपळ झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि फाटकापाशी नारपोलीतली एक तरुण मुलगी गुदमरून गेली. तिचा बाप पॉवरलूमवर कामाला. पोरीने आयुष्यात पहिल्यांदाच असल्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं.

मी तेव्हा रजेवर होतो. परत आलो तोवर गुन्हा 'उघडकीस' आलेला होता. कंपनीचा तिकीट विभागाचा प्रमुख फिर्यादी. त्याचं म्हणणं असं, की पाड्यावरच्या लोकांच्या टोळीने हातात हात धरून मागचा पत्रा तोडला, फुकटे आत घुसले, गर्दी पुढे रेटली गेली आणि मुलगी फाटकावर चिरडली. तारपा वाजवणाऱ्या माणसाला अटक झाली होती. त्याचा तारपा जप्त करून मुद्देमालात 'हत्यार' म्हणून ठेवला होता. दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य, फुंकरीने वाजणारं, आणि त्याला आमच्या ठाण्याने हत्यार केलं.

तपास माझ्याकडे आला. आधीच्या तपासी उपनिरीक्षकाला मी विचारलं, पुरावा काय?

"सर, त्याने लगेच कबूल केलंय. पत्रा मीच तोडला म्हणाला."

उपनिरीक्षक पोरगा हुशार, स्पर्धा परीक्षेत वरचा नंबर. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे शिपायालाही ठाऊक असतं. पण तपास थांबवायला ती पुरते.

माझा संशय जागा केला तो एका रिक्षावाल्याने. अंजूर ते भिवंडी फेऱ्या मारणारा हा माणूस अधूनमधून खबर द्यायचा. चहा संपवून, उठता उठता म्हणाला, "साहब, बुरा मत मानना. उस दिन मेरी रिक्शा में जो भी बैठा, पीछे खाडी की तरफ से आया था. सब कीचड़ में लथपथ. रोडवाले गेट से तो कोई निकला ही नहीं."

फुकटे घुसायला आले होते, तर ते चिखल तुडवत बाहेर कशाला पळत होते? आणि रस्त्याचं फाटक सोडून सगळेच खाडीकडून का?

मी कोठडीत गेलो. पन्नाशीचा काटक माणूस, भिंतीला टेकून बसला होता. त्याला बाहेर काढून खुर्ची दिली. आधी तो बसेना.

"पत्रा तुम्ही तोडलात?"

"हाय. मीच तोडला. त्या साहेबांना बी सांगितलं."

"कुठून तोडलात?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारतोय.

"आतून. आमी आतच व्हतो ना. फाटकाला कुलूप व्हतं, मानसं एकमेकांवर पडत व्हती. मंग आमी खाडीकडचा पत्रा लाथांनी पाडला."

"आणि हातात हात धरून काय करत होता?"

"काळोख व्हता, साहेब. वाट कुठं हाय ते मानसांना कसं समजनार? मी पत्र्यापाशी उभा ऱ्हावून तारपा वाजवला. आमच्यात तारपा जिकडं जातो तिकडं नाचनारे जातात. आमच्या मानसांनी हात धरून रांग केली, त्या रांगेला धरून बाकीची मानसं भायेर आली."

"हे तुम्ही आधीच्या साहेबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं न्हाय."

मी उठून बाहेर आलो आणि उपनिरीक्षकाला सगळ्या ठाण्यासमोर जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

पण माझा राग म्हणजे पुरावा नव्हे. मैदानावर गेलो तर कुंपणाला कोरे करकरीत पत्रे. तुटलेले पत्रे कंपनीने दुसऱ्याच दिवशी उचलले होते. इतकी घाई कशाची? राहनाळच्या भंगारवाल्यांकडे शोध घेतला आणि एकाकडे ते सापडले. पंचांसमोर उलटेपालटे करून बघितले. बाहेरच्या बाजूला कंपनीचा निळा रंग आणि चिन्ह होतं, आतली बाजू कोरी. लाथांचे खळगे कोऱ्या बाजूने होते आणि रंगाच्या बाजूला पत्रा फुगला होता. आंधळ्यानेही हात फिरवून सांगितलं असतं. मी उपनिरीक्षकाचा हात धरून त्यावरून फिरवायला लावला. फाटकावरच्या रखवालदाराचा जबाब घेतला. कुलूप लावायला कुणी सांगितलं, किल्ली कुणाच्या खिशात होती, सगळं त्याने सांगितलं; दोन्हींचं उत्तर तिकीटप्रमुख. बिचारा नोकरी जाईल म्हणून गप्प बसला होता.

मग तिकीटप्रमुखाला बोलावलं. गडी इस्त्रीच्या कपड्यांत, हसतमुख. गावोगावच्या ऑर्केस्ट्राचे पास विकण्यापासून सुरुवात करून इथवर पोचलेला, आणि ते सांगताना थकत नव्हता. मैदानाच्या परवानगीपेक्षा जास्त तिकिटं विकली, हेही त्याने सहज मान्य केलं.

"साहेब, हा लाइनचा नियमच आहे. काही लोक येतच नाहीत. आणि रिकामं मैदान दिसलं तर पुढच्या वेळी आर्टिस्ट येत नाही. गर्दी दिसली पाहिजे."

"आणि त्या दिवशी सगळेच आले."

"हो ना. आत जागा संपली, बाहेर तिकीट काढलेले लोक आरडाओरडा करायला लागले. ते घुसले असते. म्हणून लॉक लावलं."

"आत माणसं होती. लाइट गेल्यावर कुलूप का नाही काढलं?"

"काढलं असतं तर बाहेरचे आत आले असते."

"आणि आतल्यांचं काय?"

माझा प्रश्नच त्याला कळला नव्हता.

"आतले तर स्कॅन झाले होते, साहेब."

माझ्या नोकरीत मी खुनी बघितले, दरोडेखोर बघितले. त्यांतल्या बऱ्याच जणांची मान गुन्हा सांगताना खाली गेलेली बघितली. या माणसाची मान ताठ होती. तिकीट स्कॅन झालं की त्याच्या लेखी माणूस संपला. टेबलाखाली मी मुठी आवळून धरल्या होत्या. हात उचलला असता तर वकिलाने केस तिथेच गुंडाळली असती, एवढ्या एकाच विचाराने मी आवरलो.

त्याला अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. आता तो जामिनावर बाहेर आहे, दुसऱ्या कंपनीसाठी तिकिटं विकतो आहे. मुलीचा बाप प्रत्येक तारखेला शिफ्ट बुडवून कोर्टात येतो आणि नवी तारीख घेऊन परत जातो.

या केसने मला एक शिकवलं. खोटं बोलणाऱ्याला पकडण्याच्या शंभर युक्त्या आम्हाला शिकवतात. खरं बोलणाऱ्याला अर्धाच प्रश्न विचारला तर काय होतं, ते कुणी शिकवत नाही. गरीब माणूस विचारलं तेवढंच सांगतो. त्याचं पुरतं ऐकून घ्यायला आम्हाला वेळ नसतो, आणि फिर्यादी इस्त्रीच्या कपड्यांत आला की मात्र वेळच वेळ असतो.

पाड्यावरच्या त्या माणसाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला, तो सुटला. तारपाही कोर्टाच्या हुकमाने परत मिळाला. तो मी मुद्दाम उपनिरीक्षकाच्या हातून द्यायला लावला. ठाण्याच्या खोलीत कुणीतरी त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला होता, भोपळा मधोमध चिरला होता. तारपावाल्याने चिरेवरून बोट फिरवलं. उपनिरीक्षक हळूच म्हणाला, "चूक झाली, काका."

"या साहेबांनी इचारलं तसं तुमी पयल्या दिशी इचारलं असतं," तो म्हणाला, "तर मी पयल्याच दिशी सांगितलं असतं."

फुटका तारपा त्याने काखेत धरला, आम्हा दोघांना रामराम केला आणि पाड्याकडे जाणाऱ्या टेम्पोत जाऊन बसला.