आप्पांचा पाण्याचा नेम

पाणी पिऊन माणूस वाळतो का, हे मला विचारा. डॉक्टरला विचारू नका, तो एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो. मी एका माणसाला सहा-आठ महिने तांब्यावर तांब्या पाजलाय, आणि तेही कधी, तर नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार यायची तेव्हा.

तो माणूस म्हणजे आमचे हे. लातूरच्या आडत बाजारात यांचं दुकान होतं. खेड्यातून शेतकरी तूर, करडई, ज्वारी घेऊन यायचे आणि यांच्या गादीवर टेकायचे. बाजारात लहानथोर सगळे यांना आप्पा म्हणायचे. स्वभाव लोण्यासारखा, आणि अंगही तसंच झालं होतं. लग्नात मी पाहिले तेव्हा काडी होते काडी! गादीवर बसून बसून पोट असं सुटलं की धोतराची गाठ कुठं मारायची हाच रोजचा प्रश्न.

पोट सुटलं म्हणून मी कधी कुरकुरले नसते. खात्यापित्या घरचा माणूस आहे, दिसू द्या. पण यांना अंतर्गळ होता, डॉक्टर ज्याला हर्निया म्हणतात तो. तरुणपणी हमालांशी पैज लावून पोती उचलायची हौस, त्याचं हे फळ. जांघेत गाठ यायची, खोकलं की वाढायची, आडवं झालं की आत जायची. हे सांगायचे कुणाला नाही. मला कळलं तेही एकदा शिंकताना भिंतीला धरून पांढरेफटक पडले तेव्हा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी कशालाही उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कलेक्टर आपल्या गावात आला म्हणून लोक उगंच कचेरीवरून एक चक्कर मारून यायचे. पण त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. "जिल्हा आला आन पाऊस गेला," असं जो तो म्हणायचा. जिल्ह्याबरोबर आमच्या वाट्याला एक चांगली गोष्ट आली, ती म्हणजे पोटाचं ऑपरेशन करणारा डॉक्टर. तरणाताठा, कमी बोलणारा, तोंडावर बोलणारा.

त्यानं यांना तपासलं आणि म्हणाला, "कापावं लागेल. पण आत्ता नाही. आधी हे पोट उतरवा. एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत आणि भूल देणंही धोक्याचं."

"तोवर ही गाठ अडकली तर?" मी विचारलं.

"अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून लवकर उतरवा. चहा-साखर बंद, भाकरी एक. भूक लागली की आधी पाणी प्या."

माझं माहेर नायगावकडचं. माझे वडील याच दुखण्यानं गेले. गाठ अडकली, जीपमध्ये घालून नांदेडला न्यायला निघाले आणि वाटेतच सगळं आटोपलं. तेव्हा डॉक्टरचं बोलणं मी कसं ऐकलं असेल ते सांगायला नको. आणि हे मात्र घरी येताना रिक्षात म्हणत होते, "भाकरी एकच म्हणला का गं? मोठी एक का लहान एक?"

डॉक्टरच्या सगळ्या बोलण्यातलं मी पाणी तेवढं धरून बसले. त्याला कारण शेजारची. ती म्हणाली, "वैनी, तुपाच्या भांड्यात गरम पाणी घातलं की तूप कसं सुटतं? तसंच पोटातलं. उठल्या उठल्या तांब्याभर गरम पाणी पाजा, महिन्यात बघा." मला ते लगेच पटलं. तुपाची भांडी मी जन्मभर घासत आले होते.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजा झाल्यावरच पाण्याचा पहिला घोट. यांच्यापुढं मी उठल्या उठल्या तांब्या धरला, तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना विडी ओढायला सांगितली. "पूजेच्या आधी? तुझं डोकं बिकं फिरलं का?" मग असं ठरलं की पूजा झाली की एक तांब्या, जेवणाआधी एक तांब्या, आणि दुकानात एक घागर वेगळी. घरातलं पिण्याचं पाणी मी टाकीवरून रांगेत उभी राहून आणायची. शेजारपाजारच्या बायका वाटीवाटीनं पाणी वापरत होत्या आणि मी नवऱ्याला ढोसायला लावत होते. जिवाला बरं वाटत नव्हतं, पण त्याहून गाठीची भीती मोठी होती.

महिन्यानं मी दुकानात गेले. म्हटलं, घरात काटा नाही, इथं एवढा मोठा काटा आहे. बसा त्याच्यावर. हमाल हसायला लागले. हे लाजत लाजत पोतं ठेवायच्या जागी बसले. मापाड्यानं वजन केलं आणि सवयीनं सांगितलं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा चांगलं चार किलो कमी भरलं होतं. तेवढ्यात मापाडी जीभ चावून म्हणाला, "माफ करा आक्का, कडता धरूनच सांगितलं." माल ओला असतो, मातीचा असतो, म्हणून पोत्यामागं थोडं वजन वजा करायची बाजाराची रीत, तिला कडता म्हणतात. मी म्हटलं, "मेल्या, माणसाला कुठं कडता असतो?" खरं वजन जेवढ्यास तेवढं होतं, किंबहुना थोडं जास्तच. काट्यावर बसायच्या आधी मीच एक तांब्या पाजला होता ना!

मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. आता काय चुकलं ते बघूनच जाते म्हटलं. अर्ध्या तासात मला सगळा उलगडा झाला. शेतकरी आला की हे हॉटेलवाल्याला हाक मारायचे. दोन चहा. दुसरा शेतकरी आला, दोन चहा. एक त्याला, एक यांना. कोपातला चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची, फुर्र करून ओढायचा आणि मग मालाच्या भावाची गोष्ट. साखर तर अशी की बशी ओठाला चिकटावी. मी पाणी पाजतच होते, हे त्यावर चहा ओतत होते.

"आवं, तुम्हाला जिवाची पर्वा हाय का न्हाई?" मी घरी आल्यावर भांडी आपटत विचारलं.

"अगं, शेतकऱ्यासोबत चहा न घेऊन कसं चालल? चहा नको म्हणलं म्हंजी तुझा माल नको म्हणलं. आधीच दुष्काळानं माणसं खचून राहिलेत. कुणी चार पोती घेऊन येतं, कुणी दोन. त्याला एकट्याला चहा पाजून मी तोंडाकडं बघत बसू?"

मी नुसती रडले. वडिलांचं नाव निघालं, जीप निघाली, सगळं निघालं. हे घाबरले. यांना माझ्या रागाची सवय होती, रडण्याची नव्हती. शेवटी मीच तोड काढली. हॉटेलवाल्याला सांगून ठेवलं की आप्पांच्या कोपात चहा नाही, नुसतं गरम पाणी घालायचं. शेतकऱ्याला चहा, यांना पाणी. कोप तोच, वाफ तीच, फुर्र तोच. कुणाचा मान जायला नको आणि यांचा जीवही.

पंधरा-वीस दिवस बरं चाललं. पण माझ्या हुशारीला बशी आडवी आली. कोपात काय आहे ते कुणाला दिसत नाही, बशीत ओतलं की रंग दिसतो. औश्याकडचा एक म्हातारा शेतकरी, यांचं जुनं गिऱ्हाईक, भर बाजारात म्हणाला, "आप्पा, ह्ये काय? तुमच्या बशीत नुसतं पाणी?"

चार माणसं वळून बघायला लागली. आता जांघेतलं दुखणं चारचौघांत सांगणार कसं? हे गडबडले आणि म्हणाले, "काही न्हाई जी. जरा नेम हाय."

यांना म्हणायचं होतं की डॉक्टरनं नेम लावून दिलाय. पण आमच्याकडं नेम म्हटलं की देवाचा. त्यात पाण्याचा नेम, आणि तो असल्या दिवसांत! म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. "पावसासाठी धरला म्हणा की! आप्पा, बाजारात कुणाला सुचलं न्हाई, तुम्हाला सुचलं." हे न्हाई न्हाई म्हणत राहिले, पण नेम करणारा माणूस न्हाईच म्हणतो, असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आडत बाजारात झालं की आप्पा पाऊस पडेपर्यंत चहा-गोड सोडून पाण्यावर आहेत.

मग काय विचारता! यांच्यापुढं चहा धरायची कुणाची टाप नव्हती. पेढे आले तर लोक यांना वगळून वाटायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन पुढं आला की बाजूचा ओरडायचा, "आप्पांना नको रे, नेम हाय!" बुंदी म्हणजे यांचा प्राण. हे मान खाली घालून एक भाकरी आणि वरण खायचे. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. जे काम मला सहा महिने भांडून जमलं नसतं ते बाजारानं एका दिवसात केलं.

यांना मात्र ते टोचत होतं. "मी देवाच्या नावानं लोकायला फसवून राहिलो," म्हणायचे. "उद्या सांगून टाकतो."

"ऑपरेशन झालं की सांगा," मी म्हणायचे. "तवर तोंड उघडाल तर बघा."

अशात एक दिवस त्या म्हाताऱ्याची बायको आमच्या दारात आली. डोक्यावर घागर. औश्याकडून एसटीनं आली होती, मांडीवर घागर धरून. म्हणाली, "आक्का, आमच्या हिरीला अजून घोटभर पाणी हाय. लई गोड हाय. आप्पांचा पाण्याचा नेम हाय म्हणं, म्हणून त्यांच्यासाठी आणलं." मी तिला आत घेतलं, बसवलं. हे बाहेर आले, घागर बघितली, तिच्याकडं बघितलं आणि वाकून नमस्कार केला. यांच्याहून ती वयानं फार मोठी नसेल. ती गेल्यावर हे घागरीजवळ बसून पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर मला म्हणाले, "आज देवाला सांगितलं. आता खरंच नेम धरला." त्यानंतर यांनी मागं वळून बघितलं नाही. दुकानातल्या घागरीतलं पाणी पूर्वी हे माझी पाठ वळली की शेतकऱ्यांच्या गाडीच्या बैलांना पाजायचे, हे मला तेव्हा कळलं. बैलांना अजूनही पाजायचे, पण आपला वाटा आधी प्यायचे. घरापासून दुकानापर्यंत पायी जायला लागले. उन्हाळा संपायच्या आत धोतराला एक वेढा जास्त बसायला लागला.

डॉक्टरनं वजन केलं आणि पहिल्यांदाच हसला. मी म्हटलं, "बघा, पाण्यानं उतरलं का न्हाई?"

"पाण्यानं नाही हो," तो म्हणाला. "चहाची साखर गेली, बुंदी गेली, हे चालायला लागले. पाण्यानं नुसती जागा अडवली."

म्हणू दे त्याला. जागा अडवायला तरी पाणी कुणी आणलं? मी. टाकीवरून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांनी दुकानात म्हाताऱ्याला बोलावून सगळं सांगितलं. गाठ, डॉक्टर, माझी हुशारी, सगळं. म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पोटासाठी का असंना, धरला तसा पाळला ना? मग झालं तर. नेम म्हंजी नेम." आणि स्वतःच्या कोपातला चहा संपवून उठला.

ऑपरेशन सकाळी झालं. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दरवाजा उघडला की मी उठून उभी राहायची. यांना बाहेर आणलं तेव्हा तोंड काळवंडलेलं, ओठ फुटलेले. डॉक्टर म्हणाला, "सगळं व्यवस्थित झालं. संध्याकाळपर्यंत तोंडात काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

दुपारी भूल उतरली. यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि पहिला शब्द काढला, "पाणी."

"न्हाई," मी म्हटलं.

"घोटभर."

"न्हाई मिळणार."

मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवला. यांनी तो कापूस ओठात धरून चोखायला बघितलं, मी काढून घेतला. यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. आजवर मी नुसतं प्या प्या म्हणत आले होते. आता हे मागत होते आणि मी कोपऱ्यातल्या माठाकडं पाठ करून बसले होते. नर्सला चार वेळा विचारलं, ती चार वेळा नाही म्हणाली.

दिवेलागणीला ती आली आणि म्हणाली, "आता एक चमचा द्या." घाईत अर्धा चमचा उशीवर सांडला. उरलेला यांच्या तोंडात गेला. यांनी तो लगेच गिळला नाही. तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि मग गिळला. गळ्यातला कंठमणी खालीवर झालेला मी बघितला आणि मला हुंदका आवरेना.

"आता कामून रडतीस?" हे कुजबुजत म्हणाले. "नको म्हणलो का मी?"

"आज नको म्हणला न्हाई," मी डोळे पुसत म्हटलं, आणि दुसरा चमचा भरला.